सुटलेली पानं

आमचे गुरुजी, जोथॅम वेदरबी, डाव्या कानानं ठार बहिरे.
तोफेशेजारी उभे राहिले; राज्य नवं झालं, कान गेला.
अशील आलं की खुर्ची फिरवून उजवा कान पुढं करत.
सावकार आला की करत नसत.

घराला चिकटून एक खोली, पूर्वी सफरचंदं साठवायची;
सात बाकं, मेपलचा ओला धूर,
आणि कनेक्टिकटची थंडी. दौतीत शाई गोठायची.
आम्ही दौती काखेत धरून यायचो,
अंडं उबवावं तशा.

पुस्तकं मोजून अकरा.
सर्वांत जाड ग्रंथाची सव्वीस पानं
लढाईच्या हिवाळ्यात काडतुसांना गेलेली.
शिकवता शिकवता ते तिथं येऊन थांबायचे:
"इथला कायदा आपण झाडला. पुढचं लिहा."
आम्ही वहीत तेवढी पानं कोरी सोडायचो.

करार म्हणजे काय. कुंपण कोणाचं.
शेजाऱ्याच्या बदकानं आपला वाटाणा खाल्ला तर भरपाई किती.
शनिवारी खोटा खटला. मी एकदा बदकाची बाजू घेतली आणि हरलो.
"बाजू वाईट नव्हती, पेनफिल्ड," ते म्हणाले,
"पण तू तिच्या प्रेमात पडलास. तिला तपासलं नाहीस."

केझाया चुलीपाशी असायची. मधलं दार अर्धं उघडं,
धूर जावा म्हणून, असं ती म्हणे.
गुरुजींच्या बायकोच्या माहेराहून आलेलं सामान:
चांदीचे सहा चमचे, एक घड्याळ, आणि ती.
यादीत तिसरी.
बायको वारली. घड्याळही बंद पडलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी तिनं माझ्या बाकावर
अंडी विकून साठवलेले नऊ शिलिंग ठेवले.
"वकील हवाय."
कोणाविरुद्ध, असं विचारता विचारताच मला कळलं,
कारण तिनं आवाज खाली केला नव्हता
आणि ती त्यांच्या उजव्या बाजूला उभी होती.

अर्ज मी त्या कोऱ्या पानांवरच लिहिला, दुसरा कागद कुठला?
रात्री त्यांनी वही मागून घेतली.
सकाळी परत मिळाली. एक शब्द खोडलेला नाही,
फक्त समासात, मुंगीएवढ्या अक्षरात:
"तिसरं कलम लंगडं आहे. 'दया' काढ, तिथं 'हक्क' घाल.
आणि शुद्धलेखन, पेनफिल्ड, शुद्धलेखन!"

मग मे महिन्यात, भर कोर्टात, त्यांनी मला सोलून काढलं.
दोन दिवस.
मालमत्ता, मृत्युपत्र, चमच्यांची ती यादीसुद्धा
वाचून दाखवली, न चाचरता.
मी त्या एका शब्दाला धरून राहिलो,
बुडणारा फळीला धरतो तसा.
ज्यूरीत बारा शेतकरी, घरी नांगरणी अडलेली.
तासाभरात परतले.

केझाया जिंकली.
कारकुनानं नोंदीसाठी आडनाव विचारलं.
"उद्या सांगते," म्हणाली,
आणि तीन कोंबड्या घेऊन नदीपलीकडे गेली.

यावर गावात दोन गोष्टी सांगतात.
एक: कच्चा निकाल वरच्या कोर्टात टिकला नसता,
म्हणून ते मुद्दाम जीव तोडून भांडले.
दुसरी: त्यांना तिला सोडायचंच नव्हतं.
मी पुढं दोन वर्षं त्यांच्याकडे शिकलो, विचारलं नाही.
म्हणजे, विचारलं एकदा.
डाव्या बाजूनं.

लापशी ते स्वतःच शिजवायचे, रोज करपायची;
त्या करपट वासात आम्ही वारसाहक्क उतरवून घेतला.
मधलं दार मात्र अर्धं उघडंच असायचं,
चूल विझलेली असली तरी.

आता माझ्यासमोर पाच पोरं बसतात.
ग्रंथ माझ्याकडे धडका आहे, फिलाडेल्फियाहून मागवलेला.
ती सव्वीस पानं मी वाचलीत.
केझायाबद्दल तिथं अवाक्षर नाही, बरं की वाईट;
गुरांच्या वाटा आणि पाणवठे, एवढंच.

तरी तिथं आलो की थांबतो.
कान देतो, उगाच, दाराकडे.
आणि म्हणतो: पोरांनो, इथं कोरं सोडा.